सेफ्टी शूजमधल्या डॉक्टरबाई

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की पिंपरी-चिंचवड शहराच्या पाणीप्रश्नाचा अभ्यास आजवर चुकीच्या टोकाकडून झाला आहे. पाणी दिवसाआड येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर मोर्चे निघाले, रिकामे हंडे वाजले, टँकर अडवले गेले. पण आलेलं पाणी पितं कोण, याची चौकशी एकाही समितीने केली नाही. केली असती तर उघडकीला आलं असतं की या शहरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी बायका सकाळी घराबाहेर पडताना घोटभर पाणी पितात आणि परत घरी येईपर्यंत ओठाला थेंब लागू देत नाहीत. का, तर ते सांगायची लाज वाटते. ही लाज जिला औषधालासुद्धा नव्हती, अशा एका बाईच्या हाताखाली मी अकरा वर्षं नोकरी केली. तरी पुढील मजकूर घरातल्या पुरुषांना मोठ्याने वाचून दाखवावा. खिडक्या उघड्या राहिल्या तरी चालतील.

आम्ही त्यांना नुसतं "बाई" म्हणायचो. बायकांच्या डॉक्टर. वय साठीच्या पुढे, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि साडीखाली पोलादी टोपणाचे कंपनीतले काळे सेफ्टी शूज. आधीची वीस-बावीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात काढली होती. तिथे शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, जायचं तर हे बूट सक्तीचे. नोकरी सुटली, बूट सुटले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "औजार पायावर पडलं तर?" त्यांच्या दवाखान्यात सगळ्यात जड औजार म्हणजे रक्तदाब बघायचं यंत्र. पण बूट वाजवत त्या पॅसेजमधून आल्या की बसलेले नवरे आपोआप उभे राहायचे, एवढा फायदा मी स्वतः पाहिलाय.

दवाखाना पिंपरी कॅम्पात, चादरी-पडद्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. माझं काम नावं लिहिणं, फाइल काढणं, तपासणीच्या वेळी आत उभं राहणं आणि नवऱ्यांना बाहेर ठेवणं. पहिली तीन कामं कुणीही करील. चौथ्यासाठी माणूस जरा आडदांड लागतो, म्हणून मला ठेवलं होतं.

नवरा आत आला की काय व्हायचं ते सांगते. बायको खुर्चीत, नवरा शेजारच्या खुर्चीत, आणि बोलणार कोण तर नवरा.

"आम्हाला महिनाभर जळजळ होतेय, मॅडम."

"तुम्हाला?" बाई विचारायच्या.

"म्हणजे हिला."

"मला वाटलं तुम्हाला. तुम्हाला असेल तर त्या टेबलावर पडा, पाय वर घ्या."

एवढं ऐकल्यावर नवरा स्वतःहूनच बाहेर यायचा. पण बाहेर येऊन मोबाइल बघत बसायची सोय नव्हती. बाहेर मी पॅड आणि पेन घेऊन तयार असायची. कारखान्यात राहून बाईंना चेकशीटचं वेड लागलेलं होतं. त्यांनी एक खास "नवरा-फॉर्म" छापून घेतला होता. प्रश्न साधेच: पत्नी रात्री किती वेळा लघवीला उठते? पाळी बंद होऊन किती वर्षं झाली? गेल्या वर्षात तिने कुठला प्रवास टाळला, आणि का? हाच फॉर्म आत बायकोलाही. मग बाई दोन्ही कागद शेजारी ठेवायच्या आणि चहा पीत वाचायच्या. ती त्यांची करमणूक होती.

एका गृहस्थाने चौसष्ट वर्षांच्या बायकोच्या पाळीपुढे लिहिलं होतं, "चालू असावी." दुसरे एक तळवड्याच्या वर्कशॉपचे मालक. आपल्या तिन्ही लेथ मशीनचं तेल शेवटचं कधी बदललं हे त्यांना तारीखवार पाठ होतं. "रात्री किती वेळा उठते" पुढे त्यांनी लिहिलं, "त्या वेळी मी झोपलेला असतो, तरी खात्रीलायक सांगता येत नाही." तिसऱ्याने फॉर्म माझ्याकडे परत दिला आणि खाजगीत म्हणाला, "ताई, तुम्हीच भरा ना, तुम्हाला यातलं कळतं." मी म्हटलं, "अहो, बायको तुमची आहे." त्यावर तो म्हणाला, "ते आहेच, पण अनुभव तुमचा."

बाईंचं म्हणणं असं की या दुखण्याचं अर्धं निदान टेबलावर व्हायच्या आधीच होतं. जिना चढून आलेल्या बाईचं पहिलं वाक्य "नंबर कितवा" असं असेल तर वेगळं, आणि "बाथरूम कुठंय" असं असेल तर वेगळं. दुसऱ्या जातीच्या पेशंटसाठी भिंतीवर एक नकाशा लावलेला होता. बाईंनी स्वतः स्केचपेनने काढलेला. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, पार चाकणपर्यंतचा रस्ता, आणि त्यावर फक्त संडास. पेट्रोल पंप, हॉटेलं, एक मंगल कार्यालय, दोन शोरूम. हिरवी टाचणी म्हणजे पाणी आहे. लाल टाचणी म्हणजे कडी नाही. बाई पेशंटला तिथे उभं करायच्या आणि म्हणायच्या, "यात काही राहिलंय का बघा."

जी बाई नुसती बघत राहायची, तिचा त्रास नवा. जी म्हणायची, "मोशीच्या पुढे त्या टायरवाल्याच्या मागं एक आहे, पण दुपारी कुलूप असतं," ती पाच-सात वर्षं भोगतेय. बाई हे सगळं फाइलमध्ये लिहून घ्यायच्या. एकदा पालिकेचे एक इंजिनिअर बायकोला घेऊन आले होते. त्यांनी नकाशाकडे बराच वेळ पाहिलं, मोबाइलमध्ये फोटो काढला आणि म्हणाले, "मॅडम, हे आमच्याकडे पण नाहीये." बाई म्हणाल्या, "दिसतंय ते."

आता शिंप्याची गोष्ट. त्याशिवाय बाई पूर्ण होत नाहीत. आपल्या शरीरात आत काय आहे हे पेशंटना दाखवायला बाईंना काहीतरी हवं होतं. दुकानातली प्लास्टिकची मॉडेलं त्यांना आवडेनात. "यावर बोट ठेवलं तरी बायकांना काही वाटत नाही," म्हणायच्या. मग त्यांनी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या ब्लाउजवाल्या शिंप्याकडून दोन नळ्या शिवून घेतल्या. कापड आणायला मी बरोबर होते. एक जाड मऊ मखमलीची, गडद गुलाबी, आतून आडव्या चुण्याच चुण्या. ही तरुणपणची. दुसरी पातळ, फिकट साटिनची, आतून सपाट. ही पाळी जाऊन काही वर्षं झाल्यावरची. दोन्ही शिवून झाल्यावर शिंप्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"मॅडम, ही बाही कुठल्या फॅशनची?"

"बाही नाही ती. सांगितलं तर शिवणार नाहीस."

"बरं. पण दुसरीला पण चुण्या घालू का? त्याच कापडात बसवतो. सपाट बरी दिसत नाही."

"चुण्या गेल्यात हेच तर दाखवायचंय," बाई म्हणाल्या. "तू घालू नको."

शिंप्याला ते पटलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडमना सांगा, गिऱ्हाइकाला चुण्याच आवडतात." मी तो निरोप पोचवला. बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा फाइलींच्या मागे पडला.

पण हसण्याला एक हद्द होती. कुठल्याही बाईने "पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली, मध्ये एकदा जरासं अंगावर दिसलं" असं म्हटलं, की बाईंचा चेहरा बदलायचा. मग नकाशा नाही, नळी नाही, थट्टा नाही. लगेच तपासणी, लगेच सोनोग्राफीची चिठ्ठी, आणि पेशंट दुसऱ्या दिवशी गेली की नाही हे विचारायला मी फोन करायचा. "एक थेंब दिसला तरी तो कोरडेपणावर ढकलायचा नाही," हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. मी त्यांच्या तोंडून पाठ केलेलं हे एकच वाक्य असेल ज्यात विनोद नाही.

आता मुख्य प्रवेश. पात्रं तीन: चऱ्होलीच्या एक मावशी, त्यांचे यजमान, आणि एक प्लास्टिकची फाइल.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. चऱ्होलीच्या जुन्या घरातल्या. शेताच्या जागी आता दोन सोसायट्या उभ्या आहेत, म्हणजे पैशाला कमी नाही. पण मावशी चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये बारा वर्षं मुख्य स्वयंपाकीण होत्या. सहाशे माणसांची आमटी त्या डोळ्यांच्या अंदाजाने करायच्या. काका दुसऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले. कंपनीतून निघणारं घाण रासायनिक पाणी साफ करून बाहेर सोडायचा जो प्लांट असतो, त्याचे ते ऑपरेटर. फाइल त्यांच्या काखेत होती.

"नमस्कार, मॅडम," काकांनी फाइल टेबलावर उघडली. "दीड वर्षाचा डेटा हाय. नऊ युरिन रिपोर्ट, तारखेवारी. आन् हा ग्राफ."

ग्राफ! राव, मी अकरा वर्षांत असा कागद पाहिला नव्हता. लघवीतल्या पस सेलच्या प्रत्येक आकड्याचा एक ठिपका, ठिपक्यांना जोडणारी रेघ, वरती लाल मर्यादा, खालती हिरवी. कुठल्या तारखेला कुठल्या गोळ्यांचा कोर्स झाला याचे बाण.

"आठव्या कोर्सनंतर ट्रेंड खाली यायला लागलाय बघा," काका म्हणाले. "पर जळजळ काही जात न्हाई. दर अर्ध्या तासाला पळावं लागतं."

बाईंनी ग्राफ उजेडात धरून पाहिला. "काका, मी कारखान्यात होते तेव्हा आमच्या इंजिनिअरांनापण असा जमत नव्हता. यात दोनदा कल्चर केलंय, दोन्ही वेळा जंतू उगवलेले नाहीत. बरं, मावशींना कुणी तपासलं?"

"नऊ वेळा!"

"लघवी नऊ वेळा तपासली. मावशींना?"

काकांनी फाइलमध्ये शोधलं. तो कागद त्यात नव्हता. मग इतका वेळ गप्प असलेल्या मावशी बोलल्या. "न्हाई. डाक्टर कागद बघायचं आन् गोळ्या ल्ह्यायचं. माझ्याकडं कुणी बगितलंच न्हाई."

आणि मग त्यांनी खरं दुखणं सांगितलं. कँटीनमध्ये काम करणाऱ्यांना दरवर्षी फिटनेसचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. या वर्षी काकांनी मावशींच्या फॉर्मला, कागदपत्रं पूर्ण असावीत म्हणून, ही सगळी फाइल जोडली. ग्राफसकट. कंपनीच्या सेफ्टी खात्यातल्या साहेबाने नऊ रिपोर्टांवर डॉक्टरांच्या अक्षरात नऊ वेळा "इन्फेक्शन" वाचलं आणि मावशींचं गेटचं कार्ड बंद केलं. इन्फेक्शन असलेल्या व्यक्तीने अन्नाला हात लावायचा नाही. पंधरा दिवस झाले, मावशी घरी.

"म्हैनाअखेरपत्तुर फिट हाय म्हणून कागद न्हाई गेला," मावशी म्हणाल्या, "तर कंत्राटदार माझी पळी दुसरीच्या हातात देनार. बारा वर्सं झाली, बाई. घरात बसून मी करू काय? ह्यांचे ग्राफ बघू?"

काका खाली बघू लागले. तेवढ्यात मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, हातात फॉर्म दिला आणि परत आत आले.

आत बाईंनी खुर्ची मावशींच्या जवळ ओढली. जळजळ सारखी होते की लघवी बाहेरच्या कातडीला लागली की? चालताना कापड घासतं का? खाज? कोरडं वाटतं? मावशी एकेका प्रश्नाला "व्हय" म्हणत गेल्या आणि प्रत्येक "व्हय" आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. मग बाईंनी नवऱ्याजवळ झोपण्याबद्दल विचारलं.

"चार वर्सं झाली, अंथरूण देवघरात घालते. ह्यांना वाटतं मी देवाला लागले."

"आणि खरं काय?"

"ब्लेडनं कापल्यागत व्हतं, बाई."

"हे कुणाला सांगितलं होतं?"

"आता तुमालाच. कुणी इचारलं कुटं?"

बाईंनी पेन फाइलवर ठेवलं. मग बूट वाजवत उठल्या आणि तपासायला घेतलं. काय करणार आहे ते आधी सांगायच्या, मग हात लावायच्या, आणि "दुखलं तर थांबते" म्हणायच्या. खरंच थांबायच्या. कातडी फिकट, पातळ, चुण्या गेलेल्या. सगळं त्या साटिनच्या नळीसारखं. शेवटी त्यांनी आतल्या बाजूला एक पीएचची कागदी पट्टी लावली, ती खिडकीशी नेली, डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली आणि नेहमीच्या शॉपफ्लोअरच्या आवाजात मला सांगितलं, "लिहा, साडेसहा!"

दाराबाहेरून लगेच आवाज आला. "साडेसहा? मग पास हाय की!"

मावशींनी कपाळाला हात लावला. "त्यांना आत घ्या, बाई. समदं सांगा. न्हाईतर घरी जाऊन मलाच इचारत बसतील."

काका आत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. "मॅडम, माझी उभी हयात पीएच बघण्यात गेली. आमच्या प्लांटला साडेसहा ते साडेआठ पास. साडेसहाला पाणी बिनधास्त बाहेर सोडायचं."

"काका, मावशी म्हणजे प्लांट नाही."

"न्हाई, तसं न्हाई म्हणत मी..."

"पण तुमच्याच भाषेत सांगते. तुमच्या टाकीत घाण खाणारे जंतू पाळलेले असतात ना?"

"असतात तर! त्यांच्यावरच सगळा प्लांट. आमी त्यांना गूळ घालायचो, शेण घालायचो. दिवाळीची सुट्टी आली तरी मी त्यांना उपाशी ठेवलं न्हाई."

"बाईच्या अंगातही चांगले जंतू असतात. ते तिथलं पाणी आंबट ठेवतात, पीएच चाराच्या आसपास. त्यामुळे वाईट जंतूंना थारा मिळत नाही. पाळी गेली की हार्मोन कमी होतं. या जंतूंचं खाणं संपतं, ते निघून जातात, पीएच वर चढतो. कातडी पातळ आणि कोरडी पडते. लघवी लागली की आग होते. लघवीची पिशवीसुद्धा चिडचिडी होते, म्हणून सारखं पळावं लागतं. आणि तुम्ही त्यावर दीड वर्षात नऊ वेळा जंतू मारायचं औषध ओतलंत."

काकांनी फाइलमधला ग्राफ काढला आणि त्यावरच्या गोळ्यांच्या बाणांवरून बोट फिरवलं. समोरच्या माणसाला एखादी गोष्ट खरोखर कळते तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. "म्हणजे जे चांगले उरलेले, ते पण..." ते म्हणाले. "मी सोताच्या हातानं गोळ्या काढून द्यायचो तिला. टायमावर. चुकवल्या न्हाईत कधी." आणि हळूच विचारलं, "मग मॅडम, गूळ?"

"गूळ चहात घाला, काका."

बाईंनी आधी मावशींना छातीच्या गाठीचं, अंगावर जाण्याचं, घरातल्या कॅन्सरचं सगळं विचारलं. मग फक्त त्याच जागी लावायचं हार्मोनचं मलम दिलं. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. फरक पडायला महिना-दोन महिने लागतील. पाणी प्यायचं. लघवी पुन्हा एकदा नीट कल्चरला पाठवली. तीन दिवसांनी रिपोर्ट आला, काहीही उगवलं नव्हतं. बाईंनी सर्टिफिकेट लिहिलं: संसर्ग नाही, पाळी गेल्यानंतरचा बदल, स्वयंपाकघरात काम करण्यास पूर्ण पात्र.

सर्टिफिकेट दोन दिवसांत परत आलं. म्हणजे काकाच घेऊन आले, चेहरा पाडून. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये मावशींच्या नावाने "इन्फेक्शन"ची केस उघडलेली होती, आणि केस नुसत्या सर्टिफिकेटने बंद होत नव्हती. त्यात घटनेचं मूळ कारण भरावं लागतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार, तेही भरावं लागतं. महिना संपायला तीन दिवस होते.

बाईंचे डोळे चमकले. कारखाना सुटल्यापासून कुणी त्यांच्याकडे मूळ कारण मागितलं नव्हतं. "उद्या गुरुवार, दवाखाना बंद," त्या मला म्हणाल्या. "चला चाकणला."

तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्या कंपनीच्या कँटीनला लागून असलेल्या काचेच्या केबिनमध्ये आम्ही चौघं: बाई, मावशी, काका आणि मी. समोर सेफ्टीवाले साहेब. तिशीचे, नम्र, दाढी कोरलेली, लॅपटॉप उघडलेला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला चौकटी भरायला शिकवलं होतं. काचेपलीकडे जेवणाची रांग लागत होती आणि स्वयंपाकघरातून एक वास येत होता.

"मोहरी जाळली," मावशी नाक वर करून म्हणाल्या. "कोण हाय आत?"

"मावशी, एक मिनिट," साहेब म्हणाले. "मॅडम, आमच्याकडे पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. प्रत्येक उत्तराला परत 'का'. पाचव्याला मूळ कारण सापडतं."

"मला सांगता? मी ही पद्धत बोटं तुटलेल्या माणसांवर वापरलीये. विचारा."

"जळजळ का झाली?"

"कातडी पातळ आणि कोरडी पडल्यामुळे."

साहेबांनी टाइप केलं. "कशाची कातडी?"

बाईंनी मावशींकडे पाहिलं. "सांगू?"

"सांगा की. आमटी लागायच्या आत सांगा."

"योनीची," बाई म्हणाल्या. "आणि लघवीच्या वाटेची."

कीबोर्डचा आवाज थांबला. साहेब भिंतीवरच्या आग विझवायच्या सिलिंडरकडे बघू लागले. "मॅडम, 'बाधित एरिया' असं लिहू?"

"एरिया एमआयडीसीचा असतो. योनी लिहा. दोनच अक्षरं आहेत."

लिहिलं बिचाऱ्याने. कान लाल झाले होते. "दुसरा. कातडी पातळ का पडली?"

"हार्मोन कमी झालं."

"तिसरा. का कमी झालं?"

"पाळी बंद झाली."

"चौथा. का बंद झाली?"

"वय अठ्ठावन्न."

साहेबांनी पाचवी चौकट वाचली आणि थबकले. "वय अठ्ठावन्न... का झालं?"

काकांना मदत करावीशी वाटली. "नॉर्मल वेअर अँड टेअर लिहा, साहेब."

"वेअर टेअर तुमी!" मावशी कडाडल्या. "मी रोज सहाशे मानसं जेवू घालते."

"लिहा," बाई शांतपणे म्हणाल्या, "जन्मल्यापासून सतत जगत राहिल्यामुळे."

साहेबांनी तेही टाइप केलं. यंत्राने ते स्वीकारलं, हिरवी खूण आली. माझ्या पोटात हसू मावेना, मी ओढणीचा बोळा तोंडात धरला.

"आता शेवटचं. इतर कर्मचाऱ्यांना असं होऊ नये म्हणून काय करणार?"

"पाळी सगळ्यांचीच जाणार, साहेब. त्रास बऱ्याच जणींना होणार. ते तुम्हाला थांबवता येत नाही."

"रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही, मॅडम."

"मग लिहा. बायकांच्या संडासला आतून कडी. चोवीस तास पाणी. जाताना कुणाची परवानगी लागणार नाही, आणि किती वेळा गेली हे कुणी मोजणार नाही. जळजळ म्हणून आलेल्या बाईला गोळ्यांआधी तपासायला पाठवणार."

"जबाबदार व्यक्ती?"

"तुमचं नाव काय?"

ते त्यांनी स्वतःच टाइप केलं, सवयीने. पुन्हा हिरवी खूण. एकदा त्या कॉम्प्युटरात गेलं की करावंच लागतं म्हणतात. पुढच्या महिन्यात कड्या लागल्या, हे मला मावशींकडून कळलं.

"आणि आणखी एक," बाई उठता उठता म्हणाल्या. "खरंच लघवीचं इन्फेक्शन असतं, तरी ते आमटीत उतरत नाही. हात साबणाने धुतले की झालं. मावशींना स्वयंपाकघरातून उठवायचं कारण पहिल्या दिवसापासून नव्हतं."

साहेबांनी एक बटण दाबलं. मावशींनी कार्ड दाराच्या यंत्राला लावलं, दिवा हिरवा झाला, आणि त्या निरोप न घेता आत गेल्या. दोन मिनिटांत त्यांचा आवाज ऐकू आला. "व्हा बाजूला! आमटी हाय का डांबर?" रांगेतल्या दोघा-तिघांनी ताटं वाजवली. काकांनी फाइल काखेत घट्ट धरली आणि डोळे पुसले. पुसताना मला म्हणाले, "कांदा चिरतायत आत."

आम्ही दाराशी आलो, तरी साहेब स्क्रीनकडेच बघत बसलेले. हाताने चौकटी मोजल्यासारखं करत होते.

"मॅडम, हे साधारण कधी सुरू होतं?"

"पन्नाशीच्या मागेपुढे. आपोआप जात नाही, वाढतच जातं."

"सारखी जळजळ, कल्चरमध्ये काही नाही, तरी गोळ्या चालू... असंच ना?"

"असंच. का हो?"

साहेब उठले. केबिनचं दार सताड उघडं होतं, बाहेर चाळीस-पन्नास माणसं ताटं घेऊन उभी होती, आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो माणूस ओरडला:

"अहो मॅडम, म्हणजे घरी माझ्या आईला ओट्याजवळ यायची बंदी करून मी महिनाभर उगाचच मेसचा डबा खाल्ला की हो!"